पोर्कशिवाय सोल फूड? व्हीगन ताटात नेमकं काय असतं

शिकागोच्या दक्षिण भागात, ७५व्या रस्त्यावर, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'सोल व्हेजिटेरियन' नावाचं एक साधं हॉटेल सुरू झालं. वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीयांची, गिऱ्हाईकही बहुतेक आसपासचंच. मेन्यूवर बार्बेक्यू, मॅक अँड चीज, कॉर्नब्रेड, मऊ शिजवलेली पालेभाजी. म्हणजे सोल फूडच्या कुठल्याही हॉटेलात मिळावं ते सगळं. फक्त मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही आणि दुधाचा थेंबही नाही. अटलांटा, वॉशिंग्टन, ओकलंड अशा शहरांतही असली हॉटेलं निघाली.

आपल्याकडचा माणूस ही पाटी वाचून बुचकळ्यात पडतो. अमेरिकेत काही वर्षं काढलेला शाकाहारी मराठी माणूस तर जास्तच, कारण सोल फूडचं नाव त्याने ऐकलेलं असतं ते 'तिकडे आपल्यासारख्याला काही मिळायचं नाही' अशा बेताने. तळलेलं चिकन आणि डुकराच्या बरगड्या बाजूला ठेवा, तिथली पालेभाजीसुद्धा डुकराच्या हाडावर शिजते, चवळीत बेकन असतं, कॉर्नब्रेडच्या तव्याला चरबी लावलेली असते. हे व्हीगन होणार कसं? आणि झालंच तर त्यात सोल फूड म्हणण्यासारखं काय उरणार?

दोन व्याख्या आधीच उरकून घेऊ. सोल फूड म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत घडलेलं, कृष्णवर्णीय घरांतलं जेवण. व्हीगन म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीही नको. त्यात मांसाबरोबर दूध, तूप, ताक, अंडी आणि मधही गेला.

काउंटरवर काय दिसतं

अशा हॉटेलात बऱ्याचदा टेबलाशी येऊन कुणी ऑर्डर घेत नाही. आपणच काउंटरवर जायचं. काचेमागे वाफेवर गरम ठेवलेले स्टीलचे ट्रे असतात. एक मुख्य पदार्थ आणि दोन 'साइड' निवडायच्या, असा साधारण हिशेब. वाढणारी बाई अनोळखी गिऱ्हाइकालाही 'बेबी' किंवा 'हनी' म्हणते. दचकू नये, दक्षिणेकडची ती बोलायची रीतच आहे.

मुख्य पदार्थांत मांसाची जागा बहुधा चार गोष्टी घेतात: टोफू, मश्रूम, कच्चा फणस आणि सेइतान. पहिले तीन आपल्या ओळखीचे आहेत. कच्च्या फणसाचे रेषे सुटे करून बार्बेक्यू सॉसमध्ये घोळवतात. ऑयस्टर मश्रूम मसालेदार पिठात बुडवून कडकडीत तळतात. चौथं, सेइतान, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन. कणीक मळून ती पाण्याखाली धुवत राहायची, पिष्ट निघून जातं आणि हातात एक चिवट, लवचीक गोळा उरतो. कुरडया करताना आपण चीक ठेवतो आणि चोथा टाकतो, इथे नेमका चीक वाहून जाऊ देतात. तो गोळा मसाल्यात शिजवला की चावायला मांसासारखा लागतो. शिकागोच्या त्या हॉटेलाचं बरंचसं नाव या सेइतानावरच झालं.

मॅक अँड चीज म्हणजे मॅकरोनी आणि चीज. चीजशिवाय हा पदार्थ कल्पनेतही बसत नाही, म्हणून इथे सगळ्यांची परीक्षा होते. काजू किंवा नारळाच्या दुधाचा दाट सॉस करून त्यात 'न्यूट्रिशनल यीस्ट' घालतात. ही पिवळसर, पापुद्र्यांसारखी भुकटी. यीस्ट वाढवून, मग मारून, वाळवून केलेली. तिला चीजसारखी खारट, खमंग चव असते. जमलं तर उत्तम होतं, आणि नाही जमलं तर हळद घातलेल्या पिठल्यात मॅकरोनी पडल्यासारखं लागतं, हे मी अनुभवाने सांगतो.

बाकीच्या साइड आपल्याला परक्या वाटायचं कारण नाही. चवळी, भेंडी, रताळी, मका, कोबीच्या कुळातला पाला. सकाळच्या वेळी गेलात तर 'ग्रिट्स' मिळतात, मक्याच्या भरड्याच्या मऊ कण्या. टोफूची भुर्जी असेल आणि तिला अंड्याचा वास येत असेल, तर तो काळ्या मिठाचा. पाणीपुरीतलं आपलं पादेलोण व्हीगन स्वयंपाकघरांत याच कामासाठी ठेवलेलं असतं.

मुळात हे जेवण कुणाचं, कसं झालं

गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या मळ्यांवर राबणाऱ्या माणसांना मालकाकडून शिधा मिळायचा. तो किती, याचा आकडा फ्रेडरिक डग्लस यांनी लिहून ठेवला आहे. ते स्वतः मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले, तिथून निसटले आणि १८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र छापलं. त्यांच्या मळ्यावर मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढ्या मोलाची मासळी आणि एक बुशेल मक्याचं पीठ मिळे. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या थोडं वर. दिवसाला सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही, आणि दिवसभर शेतात काम. बुशेल हे आकारमानाचं माप, पस्तीस लिटरच्या आसपास.

हा हिशेब जरा थांबून बघावा. पोट भरायचं ते मक्यावर. मांस होतं ते चवीपुरतं. उरलेली भर खोपटामागच्या परसातून यायची. बऱ्याच मळ्यांवर गुलामांना छोटा तुकडा लावायची मुभा असे, आणि तिथे दिवसाचं काम संपल्यावर, कधी चंद्राच्या उजेडात, पालेभाज्या, रताळी, चवळी, भेंडी लावली जायची. चवळी, भेंडी, तीळ, ज्वारी आणि कलिंगड ही पिकं अमेरिकेत पोचली ती आफ्रिकेशी झालेल्या गुलामांच्या व्यापाराच्या वाटेने. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पण उत्तरेत रुजला तो आफ्रिकेला वळसा घालून.

डुक्कर कापलं की चांगले तुकडे मालकाच्या घरात जात. पाय, कान, शेपटी, आतडी हे गुलामांच्या वाट्याला. त्या आतड्यांचा 'चिटलिन्स' नावाचा पदार्थ अजून केला जातो, तासन्‌तास धुवून. ज्यांच्या घरी वजडी होते त्यांना या कामाची कल्पना असेल.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, ओकलंड अशा शहरांकडे गेली. त्यांच्याबरोबर त्यांचं जेवण गेलं. पण शहरात परसू नव्हतं, आणि हातात रोजचा पगार होता. गावाकडे रविवारी किंवा पाहुणा आला तरच होणारं तळलेलं चिकन आता हॉटेलात रोज मिळायला लागलं. १९६०च्या दशकात, कृष्णवर्णीय अस्मितेची चळवळ भरात असताना, या जेवणाला 'सोल फूड' हे नाव चिकटलं आणि देशभर झालं. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतलं 'सिल्व्हियाज' हे प्रसिद्ध हॉटेल १९६२ चं. म्हणजे जगाला ठाऊक झालेलं सोल फूड हे मुख्यतः सणावाराचं ताट आहे, आणि आठवड्याच्या बाकीच्या दिवसांचं पाला, चवळी आणि मक्याचं जेवण त्याच्या मागे झाकलं गेलं.

व्हीगन सोल फूड करणारे नेमकं इथे बोट ठेवतात. ओकलंडचे शेफ ब्रायंट टेरी यांचं या विषयावरचं पाककृतींचं पुस्तक २००९ मध्ये आलं, पुढे २०१५ मध्ये त्यांना जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा, अमेरिकी खाद्यक्षेत्रातला मानाचा पुरस्कारही मिळाला. आजी-आजोबांच्या परसातल्या भाज्या हाच या स्वयंपाकाचा गाभा, असं ते सांगत आले आहेत.

पालेभाजीचं एक पातेलं

'कॉलर्ड ग्रीन्स' ही या जेवणातली सगळ्यात महत्त्वाची भाजी. कोबीच्याच कुळातली, पण गड्डा न धरणारी. पानं हाताच्या पंजाहून मोठी, जाड, निळसर हिरवी. बाजारातून आणली की आधी धुण्याचं काम. शिरांमध्ये वाळू बसलेली असते, त्यामुळे पाणी तीन-चारदा बदलावं लागतं. मग मधला जाड देठ ओरबाडून काढायचा, पानं एकावर एक ठेवून विडीसारखी गुंडाळायची आणि पट्ट्या कापायच्या. भलामोठा ढीग दिसतो, शिजल्यावर चौथाईही राहत नाही. शेपू-चुक्याची जुडी शिजवलेल्यांना हे सांगायला नको.

पारंपरिक रीतीत पातेल्यात आधी डुकराच्या पायाचं धुरावलेलं हाड उकळतं. त्या पाण्यात पाला तासभर किंवा त्याहून जास्त शिजतो. हाडामुळे तीन गोष्टी येतात: मीठ, धुराचा वास आणि चरबीचा गुळगुळीतपणा. व्हीगन स्वयंपाकी या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणांहून आणतो. मीठ मिठातून, धूर धुरावलेल्या पाप्रिका मिरचीच्या पुडीतून, गुळगुळीतपणा तेलातून. वर परतलेला कांदा, लसूण, लाल मिरचीची भरड आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर. पाला शिजून जे पाणी उरतं त्याला 'पॉट लिकर' म्हणतात. ते फेकत नाहीत. कॉर्नब्रेडचा तुकडा त्यात बुडवून खातात, आणि भाजी पहिल्यांदा खाणाऱ्याने निदान एकदा तसं खावं.

नववर्षाच्या दिवशी हाच पाला, चवळी आणि भात घराघरांत होतो. पाला म्हणजे नोटा, चवळी म्हणजे नाणी, अशी समजूत.

मग मांस सोडायला सांगितलं कुणी?

सगळ्यांनी एकाच कारणाने सोडलं नाही, आणि इथे विषय खरा रंगतो.

'नेशन ऑफ इस्लाम' या कृष्णवर्णीय मुस्लिमांच्या अमेरिकी संघटनेचे नेते इलायजा मुहंमद यांनी १९६७ मध्ये आहारावर पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं, हे जेवण मालकाने आपल्या गळ्यात मारलं आहे, ते झुगारा. त्यांनी पोर्कवर बंदी घातलीच, पण चवळी, कॉलर्ड, कॉर्नब्रेडही नाकारलं. त्यांच्या अनुयायांनी पांढऱ्या नेव्ही बीन्सचा गोड 'बीन पाय' लोकप्रिय केला, तो शहरांच्या चौकांत अजून विकला जातो. मांस पूर्ण सोडा असं मात्र ते म्हणत नव्हते.

डिक ग्रेगरी हे विनोदवीर होते आणि नागरी हक्कांच्या लढ्यात तुरुंगातही गेले. त्यांचा तर्क सरळ होता: माणसावर हात उगारायचा नाही हे तत्त्व मानलं, तर प्राण्यावर का उगारायचा? १९६०च्या दशकात त्यांनी मांस सोडलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अहिंसेच्या वाटेवरून ते तिथे पोचले, आणि किंग यांच्या मागे गांधी होते. किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले होते, हा धागा आपल्याकडचा. पुढे किंग यांचा मुलगा डेक्स्टर आणि नव्वदच्या दशकात पत्नी कोरेटा स्कॉट किंगही व्हीगन झाल्या.

तिसरा गट 'आफ्रिकन हिब्रू इझ्रेलाइट्स', स्वतःला प्राचीन इस्राएली लोकांचे वंशज मानणारा कृष्णवर्णीय समाज. बेन अमी हे त्यांचे नेते होते. शिकागोतून १९६७ मध्ये काही शे माणसं आधी लायबेरियात गेली आणि १९६९ पासून इस्राएलमधल्या दिमोना गावी वसली. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला अन्न म्हणून वनस्पती आणि फळं देतो, या वचनाच्या आधारे ते व्हीगन आहेत. सुरुवातीला सांगितलेलं ७५व्या रस्त्यावरचं हॉटेल याच समाजाने काढलं. म्हणजे ज्याला आज लोक शहरी ट्रेंड म्हणतात, त्याचं एक मूळ बायबलमध्ये आहे. याशिवाय जमैकातून आलेले रास्ताफारी पंथाचे लोक, शाकाहाराला मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातले सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट, आणि घरात रक्तदाब-मधुमेह पाहिलेली साधी माणसं.

इलायजा मुहंमद यांनी हे जेवण गुलामीची खूण म्हणून नाकारलं, टेरी त्याच जेवणाला वारसा म्हणतात. वाद मिटलेला नाही. मला स्वतःला टेरी यांची बाजू पटते, कारण परसातली भेंडी मालकाने दिलेली नव्हती.

हे गोऱ्यांचं फॅड नाही का?

सिनेमा आणि जाहिरातींत व्हीगन माणूस म्हणजे योगा मॅट घेतलेली गोरी मुलगी, म्हणून असं वाटतं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१६ च्या पाहणीत अमेरिकेतल्या एकूण प्रौढांपैकी ३ टक्के लोकांनी आपण कडक शाकाहारी किंवा व्हीगन असल्याचं सांगितलं. कृष्णवर्णीयांत हेच प्रमाण ८ टक्के होतं.

मांस नको तर त्याची नक्कल कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याने जुन्नरकडे जाऊन मासवडी खावी. बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचं सारण, आकार माशासारखा, सोबत झणझणीत रस्सा. मासवडी खाणारा कुणी फसवला गेलेला नसतो. त्याला मासा नको असतो, पण रश्शाबरोबर काहीतरी दमदार चावायला हवं असतं. व्हीगन 'चिकन'चंही तसंच. लोकांना कोंबडीच हवी असते असं नाही. तिखट-खारट कुरकुरीत आवरण, त्यावर हॉट सॉस आणि रविवारी चर्चनंतर सगळ्यांनी मिळून खायचं ताट, हे सगळं हवं असतं.

नक्कल सगळीकडे साधते असं मात्र नाही. बरगड्यांची नक्कल सहसा फसते. पाला, चवळी आणि रताळी यांना तर कसली नक्कल करावीच लागत नाही, म्हणून नवख्याने तिथून सुरुवात करावी.

हे खाल्लं की तब्येत सुधारते?

व्हीगन म्हटलं की आपण 'हलकं' समजतो. तळलेलं सेइतान, साखरेत मुरवलेली रताळी, नारळाच्या दुधातला मॅक आणि गोडमिट्ट चहा यांची गोळाबेरीज हलकी होत नाही. कोलेस्टेरॉल नसतं, कारण ते फक्त प्राणिज पदार्थांत असतं. पण मीठ, तेल, साखर भरपूर असू शकतं. पाला, चवळी आणि कॉर्नब्रेड एवढंच घेतलं तर गोष्ट निराळी.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण फार आहे, आणि त्याचं सगळं खापर सोल फूडवर फोडायची सवय तिथेही आहे. कितीतरी वस्त्यांत ताजी भाजी मिळेल असं दुकानच जवळ नसतं, दवाखाना परवडत नाही, वर्णभेदाचा ताण रोजचा. एकट्या पातेल्याला आरोपी करणं सोपं पडतं, एवढंच.

आपला चष्मा उतरवून

मराठी वाचकाची गफलत होते ती मला वाटतं इथे. आपल्याकडे शाकाहार ही नुसती आवड नसते, ती जातीच्या शिडीवरची पायरीही असते. मुंबईत मांसाहारी म्हणून घर नाकारतात. वजडी, चान्या (वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या) खाणाऱ्यांना ते लपवावं लागलं आहे. त्यामुळे 'कृष्णवर्णीयांनी पोर्क सोडलं' ऐकलं की आपल्या डोक्यात नकळत येतं: सुधारले.

तिकडे ही शिडीच नाही. ज्या गोऱ्या मालकांनी माणसं विकत घेतली तेही डुक्कर खात होते, कॉर्नब्रेड खात होते, आणि दक्षिणेतली गोरी घरं आजही हाडावर शिजवलेला पाला खातात. मांस सोडून तिथे कुणी वरच्या जातीत जात नाही, उलट नातेवाइकांची थट्टा पदरी येते. सोडणारा सोडतो तो आरोग्यासाठी, अहिंसेसाठी, देवासाठी किंवा बाजाराने लादलेलं नाकारायचं म्हणून. आपल्याकडचं जवळचं उदाहरण शोधायचंच तर सोवळ्यातलं स्वयंपाकघर सोडून माळ घातलेल्या वारकऱ्याकडे बघावं लागेल. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्या दोन चळवळींना एकमेकींचं दुःख कळलं होतं, पण ताटाचं राजकारण दोन्हीकडे सारखं नाही, हे लक्षात ठेवून वाचलं तर घोटाळा होत नाही.

जायचं ठरलंच तर

पाटीवर नुसतं 'सोल फूड' असेल तर पालेभाजी आणि चवळी मांसाशिवाय आहे का ते विचारा. 'व्हेजिटेबल' म्हटलं म्हणून त्यात मांस नसेल असं नाही. काही ठिकाणी पोर्कऐवजी धुरावलेली टर्की घालतात, आणि वाढणाऱ्याच्या लेखी ती 'मीट' नसते. पाटीवर 'व्हीगन' असेल तर हे प्रश्न मिटतात, पण कांदा-लसूण भरपूर असतं, त्यामुळे जैन मंडळींनी आधी फोन करावा. गव्हाची, सोयाची किंवा काजूची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही विचारूनच घ्यावं, कारण या ताटातलं बरंचसं 'मांस' आणि 'चीज' या तिघांतूनच येतं.

रविवारी दुपारी चर्च सुटल्यावर गर्दी असते आणि मॅक अँड चीज आधी संपतं. दोन साइड निवडताना एक पालाच घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्याने भेंडीचा गंबोही चाखावा: चिकटपणा जावा म्हणून आपण भेंडीत आमसूल घालतो, गंबोत तोच चिकटपणा मुद्दाम राखतात, रस्सा दाट व्हावा म्हणून. भात त्याच्याबरोबरच येतो, वेगळा मागवू नका.